सात वर्षे वापरलेले नवे कोरे शिरस्त्राण

पुरवणी जबाब

मी, खाली सही करणार, वय त्रेपन्न, धंदा नाटकाचे सामान घडवणे व रंगवणे, राहणार तिसरा मजला, जिन्यासमोरची खोली, घरात अन्य व्यक्ती नाही, समक्ष ठाण्यात हजर राहून लिहून देतो की, माझ्या कालच्या फिर्यादीत चोरीस गेलेल्या वस्तूचे वर्णन 'एक जुने, गंजलेले, पोचे आलेले हेल्मेट, किंमत किरकोळ' असे नोंदवले गेले आहे. याबद्दल माझी सक्त हरकत आहे. सदर वस्तू जुनी नाही. ती याच महिन्यात पत्राकाम करणाऱ्याकडून घडवून आणली असून नवी कोरी आहे. तिचे जुनेपण मी केलेले आहे. त्याची मजुरी वेगळी पडते. माणूस फुकट म्हातारा होतो, शिरस्त्राण होत नाही. ही दुरुस्ती प्रथम व्हावी, मग बाकीचे.

ही हरकत तोंडी सांगितली असता हवालदारांनी पुढीलप्रमाणे विचारपूस केली.

"काका, गंजलंय की नाही?"

"गंजलेलं दिसतंय."

"पोचे आहेत की नाहीत?"

"आहेत. मी पाडलेत."

"म्हणजे नुकसान तुम्हीच केलंत?"

"हो."

"आणि फिर्यादही तुमचीच?"

यानंतर हवालदारांनी पेन माझ्यासमोर ठेवले आणि "तुम्हीच लिहा, माझं डोकं उठलं" असे सांगितले. म्हणून हा जबाब माझ्या हस्ताक्षरात आहे.

वस्तूबाबत खुलासा असा. एका नाटक मंडळीने मला सैनिकाचे शिरस्त्राण करायला सांगितले. दिग्दर्शकांचे म्हणणे असे की, हा सैनिक सात वर्षे रानोमाळ फिरतो आहे आणि प्रेक्षकाला ती सात वर्षे दिसली पाहिजेत. मी विचारले, घरी त्याचे कोण आहे? दिग्दर्शक म्हणाले, त्याचा नाटकाशी संबंध नाही, रक्त मात्र जरा सढळ हाताने लावा. मी रक्त लावलेले नाही. सात वर्षांत रक्त धुऊन जाते. पोचे राहतात.

पोचे मी वाळूच्या पिशवीवर ठेवून हातोडीने पाडले. ते कुठेही पाडून चालत नाही. समोरचा माणूस बहुधा उजव्या हाताने मारतो, म्हणजे मार डाव्या अंगाला बसतो. तीन डाव्या बाजूला पाडले. एक मागे पाडला, कारण सात वर्षांत माणूस एकदा तरी पळतोच. दिग्दर्शकांना तो मागचा पोचा आवडला नाही. त्यांना हा सैनिक शूर हवा आहे. शूर माणसाला चार दिवसांत मारतात, सात वर्षे कोण ठेवतो, असे मी म्हणालो. त्यावर त्यांनी विषय बदलला.

गंजाची रीत अशी आहे. आधी सगळीकडे तांबूस-तपकिरी रंग द्यायचा. तो वाळला की जागोजागी पाण्याचा हात फिरवून वर जाडे मीठ भुरभुरायचे. त्यावर लोखंडी करडा रंग मारायचा. तो वाळला की ताठ ब्रशने मीठ खरवडून काढायचे. मिठाच्या खड्याबरोबर वरचा रंग टवक्याटवक्याने उडतो आणि खालचा गंज दिसतो. हाताने असले टवके काढायला गेलो तर ते सारखे सारखे येतात. मिठाला शिस्त नसते, म्हणून खरे दिसते. सदर शिरस्त्राण अॅल्युमिनियमचे आहे आणि अॅल्युमिनियमला असा गंज चढत नाही, हे मला माहीत आहे. प्रेक्षकांना माहीत नाही. दिग्दर्शकांना माहीत होण्याचा संभव नाही.

शेवटी उजव्या काठावर, जिथे माणूस अंगठा टेकवून शिरस्त्राण डोक्यावरून उतरवतो, तिथला रंग झिजवून शिसपेन्सिलीची पूड अंगठ्याने चोळली आहे. रोज एकच हात एकाच जागी लागला की धातू तिथे काळसर तुळतुळीत होतो. अंगठा माझाच वापरला आहे. दुसरा हाताशी नव्हता.

हे सर्व प्रेक्षकांच्या दहाव्या रांगेतून दिसत नाही. पहिल्या रांगेतूनही दिसत नाही. हवालदारांनी 'मग कशाला करता' असे विचारले. त्याचे उत्तर मी दिलेले नाही, व येथेही देत नाही.

आता मिठाबाबत. बारीक मीठ या कामाला चालत नाही, ते रंगात विरघळते. जाडे मीठ आमच्या इमारतीत एकाच घरी असते. दुसऱ्या मजल्यावर, बरोबर माझ्या खोलीखाली, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर अशा बाई एकट्या राहतात. सगळी इमारत त्यांना मावशी म्हणते, मीही म्हणतो. नाते काही नाही. काम आले की मी वाटीभर मीठ उसने मागायला त्यांच्या दारी जातो. त्या विचारतात, "आज काय बेत?" मी सांगतो, "नेहमीचंच." त्या म्हणतात, "मीठ जपून घाल रे, तुझ्या घरी तुला सांगायला कुणी नाही." मी बरे म्हणून वर येतो. आमचे बोलणे एवढेच आहे. वर्षातून चार-पाच वेळा होते. काम जास्त आले तर जास्त होते.

वाटी त्यांचीच असते. ती परत करण्याची रीत अशी पडून गेली आहे की, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामध्ये जिना वळतो तिथे खिडकीखाली एक कट्टा आहे. रिकामी वाटी मी कट्ट्यावर ठेवतो. त्या खाली-वर करताना घेऊन जातात. दार वाजवावे लागत नाही. ही रीत कोणी ठरवली ते आठवत नाही. दोघांनाही सोयीची आहे.

परवा शिरस्त्राणाचे काम जवळजवळ संपले. रंग पक्का करणारा शेवटचा हात तेवढा राहिला होता. त्याआधी एक दिवस वाऱ्यावर वाळू द्यावे लागते. माझ्या खोलीची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून आहे, वारा येत नाही. म्हणून मी शिरस्त्राण जिन्यातल्या कट्ट्यावर ठेवले. काठ दगडाला चिकटू नये म्हणून खाली आधाराला मावशींची वाटी पालथी घातली. हाताला तीच लागली. माझी दुसरी वाटी नाही असे नाही, परंतु ती वापरात होती.

काल दुपारी पाहिले तर कट्टा रिकामा. तळमजल्याच्या पहारेकऱ्याला विचारले. तो म्हणाला, "भंगारवाला येऊन गेला, साहेब. पण तो जिना चढत नाही, त्याचे गुडघे गेलेत." वरच्या मजल्यावरच्या शिक्षकांना विचारले. त्यांनी वर्गात विचारतात तसे 'कोणी घेतले' म्हणून बायको-मुलांना रांगेत उभे केले. तिथून मी थेट ठाण्यात आलो.

मावशींना का विचारले नाही, असा प्रश्न हवालदारांनी केला. खुलासा करतो की, मीठ नको असताना त्यांचे दार वाजवण्याची पद्धत नाही. काय सांगून वाजवायचे हे सुचले नाही. एक मजला उतरून एक दार वाजवण्यापेक्षा चार चौक ओलांडून फिर्याद देणे मला सोपे गेले. हे वाक्य लिहिल्यावर कसे दिसते ते मला दिसते आहे. खोडत नाही.

आज सकाळी मी बाहेर कामावर असताना शिपाई इमारतीत पाहणीस आले. मावशींचे दार उघडे होते. आतल्या फळीवर शिरस्त्राण होते. शिपायांच्या सांगण्याप्रमाणे ते आरशासारखे लखलखत होते. शेजारी वाटी होती, तीही लखलखत होती. विचारले असता मावशी म्हणाल्या, "हो, माझ्याकडेच आहे की. कालचा अख्खा दिवस गेला बाळा घासण्यात. संध्याकाळी नेऊन ठेवते जागेवर." शिपायांनी ही कबुली धरली. "तक्रार आलीय, चला" एवढेच सांगून त्यांना मुद्देमालासह ठाण्यात आणले. त्या घरातल्या सपाता घालूनच आल्या. चष्मा फळीवर राहिला.

ठाण्यात रिवाजाप्रमाणे त्यांना विचारले गेले की, नातेवाईक कोण, कोणाला कळवायचे? त्यांनी सांगितले, "वर रंगारी राहतो, त्याला कळवा." नंबर त्यांना पाठ नव्हता. पहारेकऱ्याकडून मिळवला गेला.

मला फोन आला तो असा : "तुमच्या मावशी ठाण्यात आहेत, घेऊन जायला या." मी म्हणालो, मला मावशी नाही. पलीकडून म्हणाले, "त्या तर म्हणतात तुम्ही आहात." मी आलो. येईपर्यंत ठाण्यात कोणाच्याही ध्यानात आले नव्हते की, आरोपीने ज्याला बोलावले तो आणि ज्याने फिर्याद दिली तो एकच इसम आहे. दोन्ही कागद एकाच टेबलावर होते.

मावशी बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "आलास? काम सोडून आलास का?"

"नाही, रिकामाच होतो."

"हे बघ ना, कुणा मेल्याने माझ्या नावाने तक्रार केलीय. अख्ख्या जन्मात कुणाची काडी उचलली नाही मी. तुला विचारून खात्री करतील म्हणून तुझं नाव दिलं. दिलं तर चालेल ना?"

मी चालेल म्हणालो. त्या वेळी मी आणखी काही सांगितले नाही.

"पण तुम्ही ते घासलंत कशाला?" असे मी विचारले.

"अरे, माझ्या वाटीवर तूच ठेवलंस ना? मला वाटलं, वाटीबरोबर तेही घासायला आलंय. लाजून सांगायचं राहिलं असेल. आणि काय रे ती दशा! नुसता मार खाल्लेला टोप. मागून सुद्धा खाल्लेला. म्हटलं, ज्याचा असेल त्याच्या घरी हात फिरवणारं कुणी दिसत नाही. तारेच्या घासणीने निघता निघेना. ते काय गंज की काय, फार चिवट."

येथे नमूद करतो की, दिग्दर्शक, निर्माते व मुख्य नट या तिघांनी सदर शिरस्त्राण पाहिले होते. घरी कोण आहे, ते त्यांपैकी कोणालाही दिसले नव्हते.

वरील सर्व लिहून झाल्यावर हवालदार म्हणाले, फिर्याद मागे घ्यायची तर संबंधित बाईंनाही जबाब माहीत पाहिजे, त्यांना वाचून दाखवा. मावशींकडे चष्मा नाही. हवालदारांचा घसा बसला असल्याचे हवालदारांनी सांगितले. सबब मी बाकावर त्यांच्या शेजारी बसून पहिल्या ओळीपासून वाचू लागलो. 'माझ्या कालच्या फिर्यादीत' इथपर्यंत वाचून थांबलो.

मावशी समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या. तिकडेच पाहत म्हणाल्या, "चष्मा नाही म्हणून काय झालं, कान आहेत मला. पुढे वाच."

मी पुढे वाचले. मिठाचा भाग आला तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. "म्हणजे इतकी वर्षं तू ते खाल्लंच नाहीस?" मी नाही म्हणालो. "मग तू जेवतोस काय?" याचे उत्तर जबाबाशी संबंधित नसल्याने लिहीत नाही. 'मेल्याने' हा शब्द काढून टाकू का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, राहू दे, त्या वेळी म्हणाले होते ते खरेच होते.

त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. पूर्ण घासले असे शिपाई म्हणतात, ते बरोबर नाही. टेबलावरचे शिरस्त्राण मागवून त्यांनी उजवा काठ बोटाने चाचपून दाखवला. बाकी सगळे चकचकीत असून तेवढी अंगठ्याएवढी जागा काळसर आहे तशी आहे. पूड अजून पक्की केलेली नव्हती. ओला हात लागला असता तरी निघाली असती. "तिथे हात लावला नाही मी," त्या म्हणाल्या. "ते मळलेलं नव्हतं, हाताने झिजलेलं होतं. ते कसं घासायचं?"

तरी माझे कायम म्हणणे असे की, सदर प्रकरणी चोरी झालेली नाही. बाईंविरुद्ध माझी काहीएक तक्रार नाही, पूर्वीही नव्हती, मी ती तशी केली इतकेच. त्यांचे नाव कोणत्याही नोंदीत आरोपी म्हणून राहू नये. नुकसान झालेले नाही. शिरस्त्राण पुन्हा सात वर्षे जुने करायला दोन दिवस पुरतात आणि दिवस माझ्याकडे असतात. अंगठ्याची जागा पुन्हा करावी लागणार नाही.

सही करण्यापूर्वी मी हवालदारांची परवानगी घेऊन बाहेर जाऊन आलो. कोपऱ्यावरच्या दुकानात बारीक मीठ होते. जाड्या मिठासाठी बाजारापर्यंत जावे लागले. एक पुडा आणला. स्वतःसाठी वेगळा घेतलेला नाही. पुढच्या कामाला लागेल तेव्हा खाली जाऊन मागेन. पुडा मावशींच्या पिशवीत, वाटीशेजारी ठेवला. त्यांनी तो हाताने दाबून पाहिला, जाडेच आहे याची खात्री केली, आणि पिशवी उचलून पलीकडच्या अंगाला ठेवली, म्हणजे बाकावर मला नीट बसता आले.

हा जबाब मी लिहिला, मीच मोठ्याने वाचला, ज्यांनी ऐकायचा त्यांनी ऐकला. माझ्या सांगण्याप्रमाणे तो बरोबर आहे. मावशींचे म्हणणे असे : "बराचसा बरोबर आहे, बाकीचं घरी जाताना सांगेन."