मोरिता आजोबांचा दगड

सुलभा : अगं, ओरडतेस काय अशी! देव घासायला काढले होते, त्यांच्याबरोबर हाही घासला. उद्या घट बसायचेत.

यामिनी : आई, कशाने घासलास?

सुलभा : आधी चिंचेने. तेवढ्याने निघेना, मग तारेची घासणी घेतली. काय थर चढला होता, मेणचट! हात भरून आले माझे.

यामिनी : तो आपला देव नाहीये गं.

सुलभा : मग? काळाभोर दगड, खाली कोरीव लाकडी बैठक, शेजारी पाण्याची वाटी. मला वाटलं, अमेरिकेत येऊन का होईना, पोरगी देवाचं करायला लागली. मनातून सुखावले होते.

यामिनी : शेजारच्या मोरिता आजोबांचा आहे तो. हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट होताना माझ्याकडे ठेवून गेले. त्यांच्या वडिलांनी जपानहून आणला होता, क्योटोच्या कामो नदीतला.

सुलभा : पूजा करतात का त्याची?

यामिनी : पूजा अशी नाही. रोज पाणी शिंपडायचं, हात फिरवायचा आणि शांत बघत बसायचं. त्यात म्हणे आख्खा डोंगर दिसतो. हात फिरून फिरून वर्षानुवर्षांनी दगडाला तेज चढतं, त्याचीच सगळी किंमत. आधी वडिलांनी चाळीस वर्षं फिरवला, मग यांनी तीस.

सुलभा : म्हणजे तो मळ...

यामिनी : मळ नव्हता तो. त्यांच्या वडिलांचा हात होता.

सुलभा : (खुर्चीत बसत) अगं बाई! मला आधी सांगायचं नाही का?

यामिनी : चुकलंच माझं. तू काल आलीस आणि मी सकाळपासून मीटिंग्ज अटेंड करतेय. डोक्यातच आलं नाही.

सुलभा : पुन्हा चढेल ना तेज? मी घालते रोज पाणी. सहा महिने आहे की मी इथे.

यामिनी : सत्तर वर्षांचं काम आहे ते. आणि डॉक्टरांनी हात टेकलेत. मुलगी त्यांना आज घरी आणतेय, शेवटचे चार दिवस घरात जावेत म्हणून. वाटेत इथे थांबून दगड नेणार आहेत. दुसरं काही मागितलंच नाही त्यांनी.

सुलभा : खोबरेल लावू? हे बघ, तेलाचं बोट लागलं तिथे कसा काळा दिसतोय. कळायचंही नाही त्यांना.

यामिनी : त्यांना दिसत नाही, आई. दोन वर्षं झाली.

सुलभा : मग तर...

यामिनी : हातानेच ओळखतात ते.

सुलभा : केवढे ओरखडे पडलेत गं. मला मेलीला कसे दिसले नाहीत?

यामिनी : राहू दे आता. गाडी आली बघ. तू आत जा, माझ्या हातून झालं म्हणून सांगते.

सुलभा : नको. घासलाय मी, सांगेनही मीच. तू फक्त इंग्लिशमध्ये बोल. त्यांच्या वडिलांचं नाव घेऊन माफी मागते. काय नाव होतं त्यांचं?

यामिनी : मी कधी विचारलंच नाही, आई.