तिकडंही मुलगीच

नाशिकच्या कलेक्टर ऑफिसात बाकावर माझ्या शेजारी दोघी बोलत होत्या. एक बालगृहात मुलं सांभाळणाऱ्या ठमाबाई, दुसरी तिथलीच सोशल वर्कर मनीषा. समोर एक इटालियन जोडपं त्याच बालगृहातल्या चार वर्षांच्या निकिताला मधे घेऊन बसलं होतं.

"मॅडम, आज साहेबांची सही झाली की ती यांची?"

"हो मावशी."

"इथं झाली. पण तिकडं इटलीत कुणी म्हणलं, आमी हे कागद मानत नाय, तर?"

"तसं म्हणता येत नाही. दत्तकाबद्दल बऱ्याच देशांनी मिळून करार केलाय. आपण त्यात आहोत, इटलीही आहे. इथं मुलगी झाली, की तिकडंही मुलगीच."

"पुन्हा कोर्ट-केस नाय?"

"नाही."

"माझी भाची मनमाडहून सातपूरला दिली, तर रेशनकार्डावर नाव चढायला वर्ष गेलं. अन् एवढ्या देशांचं जमलं?"

"त्यांनाही बरीच वर्षं लागली, मावशी. पण जमलं."

"उद्या ह्यांचं मन फिरलं तर?"

"तरी ती त्यांचीच. नाव, घर, सगळ्यावर तिचा हक्क. आणि ती कशी आहे, हे त्यांनी आपल्याला कळवत राहायचं असतं."

"मग बरं हाय. झोपताना तिला दिवा लागतो. लय भिते."

"सांगितलंय त्यांना."

शिपायानं दार उघडून विचारलं, "मुलीची आई कोण?"

ठमाबाईच उठल्या. मग त्यांनी समोरच्या बाईकडे हात केला.

"ह्या. ह्या आई हायेत तिच्या."