दुक्कीला हलाल मिळेना

...नाही हो, बसतो कसला, सीट आहे कुठे बसायला! म्हणजे सीट आहे. मागची सीट. माझ्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीसमोर आहे, तिच्यावर माझी आई बसते आणि मालिका बघते... गाडी नाहीये! आणि लोक मला वर तोंड करून विचारतात, काय रे फिक्रेत, एक जुनी छोटी गाडी स्वस्तात घ्यायची, तिच्यात तगडं इंजिन टाकायचं आणि पळवायची, त्यात काय एवढं? त्यात काय एवढं! अहो, गाडी मिळते. किल्लीही मिळते. गाडी आहे, किल्ली आहे, हलाल नाही... मग काय करता?

आता मुळात मला ही उठाठेव हवी कशाला होती? तर तुम्हाला सांगतो, आमच्या त्राव्निक गावाच्या वरच्या घाटात दर उन्हाळ्यात छोट्या गाड्यांची शर्यत असते. मी बेकरीवाला माणूस. लग्नाच्या आधीपासून दर वर्षी मी तिथल्या तिसऱ्या वळणावर हातात खिम्याचा गरम बुरेक घेऊन उभा. समोरून गावातले सगळे जातात, ज्याला धड गाडी मागे घेता येत नाही तोसुद्धा जातो, आणि मी आपला धूळ खातोय आणि बुरेक खातोय. जळायचो हो, खोटं कशाला बोलू? मला एकदा, डोळे मिटायच्या आत फक्त एकदा, त्या वळणावरून गाडीत बसून जायचं होतं. बायकोला, मेव्हलिदाला, सांगितलं तर ती म्हणाली, घ्या, पण छोटी घ्या, आणि माझ्या भावाला बरोबर न्या, तुम्हाला कुणीही गंडवतं.

तर मेहुणा आला, सेनाहिद. मोटारी दुरुस्त करतो. हा गाडी डोळ्यांनी बघत नाही. याच्याकडे एक लोहचुंबक आहे, मोज्यात गुंडाळलेलं, ते गाडीच्या अंगावर फिरवायचं. पहिली गाडी बघायला गेलो, टोमॅटोसारखी लाल, ताजा रंग. मालक म्हणतो (हे असं, छातीवर हात ठेवून), "एकाच म्हातारीनं वापरली साहेब, फक्त मशिदीत जायला." मशीद कुठे विचारलं, तर म्हातारीच्या दारासमोर! सेनाहिदनं चुंबक लावलं, पडलं. वर लावलं, पडलं. दारं, छप्पर, मडगार्ड, सगळीकडनं पडलं... अहो, पत्रा कुठला, नुसती पुट्टी! शेवटी ते चिकटलं कुठे, तर मालकाच्या पट्ट्याच्या बक्कलला.

दुसरी गाडी आधीच कुणीतरी सुधारलेली. बुडाशी इतकी खाली आणलेली की रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडताना खर्रर्र व्हायचं. मालक म्हणाला, पळते झकास, फक्त उजवीकडे वळवू नका. म्हटलं, मग घरी कसं जायचं? तर म्हणे, मी डावीकडून डावीकडून जातो. आणि खरंच जात होता हो तो, निम्म्या गावाला वळसा घालून!

आणि मग तिसरी. दुक्की! आमच्याकडे गाडी म्हणजे जर्मन गोल्फ, बाकी सगळं भंगार, आणि गोल्फांत ती जुनी, दुसऱ्या पिढीची, तिला आम्ही दुक्की म्हणतो आणि आदरानं म्हणतो. मालक रागिबचाचा, लाकडाच्या गिरणीतला रिटायर फोरमन, हा एवढा दांडगा गडी. त्यानं गॅरेज उघडलं, तर दुक्की घोंगडी पांघरून झोपलेली. घोंगडी काढली... सेनाहिदनं चुंबक लावलं, चिकटलं. दुसरीकडे लावलं, चिकटलं. निघेना! माझ्या मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी, तुम्हाला सांगतो, बापाच्या मयताला रडला नव्हता. हलकी गाडी, दोनच दारं, तळ कोरडा ठणठणीत, कुणी कुठे हात न लावलेला. हिच्यात मोठं इंजिन म्हणजे काय विचारता!

घासाघीस झाली, मग सेनाहिदनं आमचे दोघांचे हात एकमेकांत धरून बैलबाजारात हलवतात तसे गदागदा हलवले, सौदा ठरला. आता मालकानं एकच शब्द म्हणायचा, हलाल. म्हणजे दिली, मनापासून दिली, माझ्या मनात तिच्यापायी काही उरलं नाही. रागिबचाचानं तोंड उघडलंच होतं, पण त्याच्या आधी विचारलं, "सांभाळशील ना रे तिला?" मी हो म्हणणार, तेवढ्यात हा आमचा मेहुणा! म्हणतो कसा, "सांभाळतोय कसला चाचा, मागची सीट फेकणार, स्प्रिंगा कापणार, इंजिन उपटणार, वजन उतरवायचंय तिचं!"

चाचाचं तोंड मिटलं. पैसे घेतले, किल्ली दिली, कॉफीसुद्धा पाजली. शब्द काही निघेना.

घरी आणली गाडी. आई दारात उभी. विचारते, म्हणाला का? म्हटलं, पैसे घेतले की. ती म्हणाली, मी पैशांचं विचारलं नाही. आणि बसेना! बायको बसेना. आणि कमाल म्हणजे ज्याच्या जिभेनं हे सगळं केलं तो सेनाहिद, तोही पान्याला हात लावेना. म्हणे हलाल नसलेल्या गाडीला पाना लावला तर हात झडतील माझे. मग काय! गाडी आहे, किल्ली आहे, हलाल नाही! अंगणात उभी, कोंबड्या खालून जातायत.

मग मी दर रविवारी रागिबचाचाकडे कॉफीला. विषय काढायचा नाही, तो काढेपर्यंत. हवा कशी, प्लम यंदा किती, गुडघे कसे... तिसऱ्या कपाला म्हातारा म्हणाला, सगळीचा शब्द काही निघत नाही माझ्या तोंडून, पण सुट्टा सुट्टा निघतो का बघू. सुट्टा! अहो, कोथिंबिरीची जुडी आहे का ती? तर मागच्या सीटपासून सुरुवात. त्या सीटवर म्हणे त्याची मुलगी जन्मली, दवाखान्याच्या वाटेवर, बर्फात. तासभर आम्ही दोघंही रडलो, मुलगी आतून विचारतेय काय झालं, कोण गेलं. शेवटी सीटचा हलाल मिळाला, पण सीट भंगारात जाणार नाही, माणसांत राहील, या अटीवर. म्हणून ती माझ्या बैठकीत!

स्प्रिंगांना चार रविवार. मधल्या राखदाणीला दोन, का, तर चाचीनं जायच्या आधी तिच्यात शेवटची सिगारेट विझवली होती. आणि इंजिन? इंजिनाला तर... सांगतो, हसू नका. रागिबचाचा म्हणाला, काढा, पण कुणाला विकायचं नाही. मग? पुरायचं! त्याच्या अंगणात, प्लमच्या झाडाखाली! मी, सेनाहिद आणि शेजारचे चौघे, खांद्यावर इंजिन, मागनं म्हातारा टोपी काढून... आणि शेजारच्या बायका हलवा घेऊन आल्या हो, मयताचा हलवा! एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, फार हाल झाले का? म्हटलं नाही, बंद पडेपर्यंत चालू होतं.

असा वसंत गेला. दुक्की अशी झाली... काय सांगू तुम्हाला! मोठं इंजिन, आत नुसता पत्रा, अंगणात सुरू केली तरी कोंबड्या अंडी घालायच्या विसरायच्या. आता सगळीचा एक शब्द तेवढा बाकी. शर्यतीच्या दिवशी सकाळी रागिबचाचा स्वतः आला, नवा शर्ट घालून. आई, बायको, मेहुणा, सगळे रांगेत. म्हातारा म्हणाला, एकदा चालवून बघतो, मग म्हणतो. म्हटलं बसा ना चाचा!

गेला. आधी हळू, देवाघरी चालल्यासारखा. मग कोपऱ्यापलीकडून आवाज आला... व्वाआआन्! मग आणखी लांबून. आम्ही एकमेकांकडे बघतोय. बऱ्याच वेळानं परत आला तो तोंड लालबुंद, केस उभे, आणि उतरेचना! सीटवरून मला विचारतो, "फिक्रेत, मी तो शब्द म्हटलाय का?"

म्हटलं, "नाही चाचा."

"मग गाडी कुणाची?"

अहो, मी आईकडे बघितलं, आईनं चाचाकडे बघून मान डोलावली. सेनाहिदकडे बघितलं, तो जमिनीकडे बघतोय. म्हाताऱ्यानं खिशातून माझेच पैसे काढून हातात ठेवले, त्याच रबरात गुंडाळलेले. हलाल म्हटल्याशिवाय खर्च कसा करायचा म्हणून त्यांना हात लावला नव्हता! माझं हेल्मेट डोक्यावर घातलं आणि घाटाकडे गेला. नोंदणी गाडीच्या नंबरवर, चालवणारा कोण हे आमच्याकडे विचारतंय कोण?

आणि मी? तिसऱ्या वळणावर. हातात बुरेक. म्हातारा असा आला... ब्रेक नाही, काही नाही, भोंगा वाजवत! दुक्कीत बसून दुसरा आला हो, या वयात! सगळा डोंगर ओरडतोय रागिब, रागिब, आणि खरं सांगू, त्यात मीही ओरडत होतो, तोंडात घास घेऊन.

मग तो चालत माझ्यापर्यंत आला. हेल्मेट काढलं. हात पुढे केला आणि म्हणाला, "गाडी माझी, पण तिच्यात इंजिन तुझं, घाम तुझा. तुझ्या मनात काही राहिलं तर माझा पाय पेडलवर पडायचा नाही रे. म्हण."

 आई माझ्याकडे बघतेय. आता म्हणू नये ना माणसानं? अडवून धरावं, दर रविवारी कॉफीला बोलवावं, सुट्टा सुट्टा द्यावा, आज एक नट, उद्या एक बोल्ट... सगळं सुचत होतं मला, तुम्हाला सांगतो! आणि तोंडातून काय निघालं? हलाल! बरं, नुसतं तोंडातून निघालं असतं तरी चाललं असतं हो... मनापासून निघालं.