घरगुती अडचण

शरदिनी : वाचलंत, बाई?

कालिंदीबाई : वाचलं. अक्षर सुरेख, शुद्धलेखन बिनचूक, आणि मजकूर खोटा.

शरदिनी : खोटा?

कालिंदीबाई : 'घरगुती अडचणींमुळे संगीतशिक्षिकेची नोकरी सोडत आहे.' कसली अडचण गं? सासूबाई आजारी आहेत?

शरदिनी : नाही. आज पहाटेच गंगास्नान करून, चौकातून भाजी घेऊन, भाजीवालीशी भांडून आल्या.

कालिंदीबाई : मग?

शरदिनी : लखनौला नवीन रेडिओ स्टेशन निघालंय ना, तिथे मी आवाजाची परीक्षा देऊन आले होते. सुट्टीत. कुणाला बोलले नाही. पंधरा दिवसांपूर्वी त्यांचं उत्तर आलं. भजनं म्हणायची आणि मुलांच्या कार्यक्रमाची गाणी बसवायची. पक्की नोकरी आहे, बाई.

कालिंदीबाई : अगं, मग पेढे आणायचे सोडून तोंड कशाला पाडलंयस?

शरदिनी : तुमच्यासाठी. हे गेले तेव्हा मी दोन वर्षं तोंड उघडलं नव्हतं. गाणं सोडा, बोलतही नव्हते. तुम्ही घरी आलात आणि सासूबाईंना म्हणालात, 'शाळेत पेटी धूळ खात पडलीय, तुमच्या सुनेला पाठवा.' तेव्हापासून मी माणसांत आले. आता त्याच शाळेला सोडून रेडिओत गायला चालले, हे कमिटीला कळलं तर बोलणी तुम्हाला खावी लागतील. म्हटलं, घरगुती अडचण लिहावी. कुणालाच तकलीफ नाही.

कालिंदीबाई : माझी तकलीफ माझ्याकडे ठेव. हे बघ, अडचण म्हणून गेलीस की मागे कुजबुज राहते. लोक अडचण शोधत बसतात, आणि सापडली नाही तर स्वतः तयार करतात. शिवाय हा कागद कमिटीपुढे वाचायचा कुणी? मुख्याध्यापिका म्हणून मी. म्हणजे खोटं तू लिहायचं आणि बोलायचं मी.

शरदिनी : हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

कालिंदीबाई : दुसरा कागद घे. आणि ते 'आपल्या चरणांची आजन्म ऋणी' काढून टाक. कमिटीला चरण नसतात.

शरदिनी : आभार तर मानायला हवेत ना?

कालिंदीबाई : मान की. एका ओळीत. या शाळेत शिकवायला मिळालं त्याबद्दल आभारी आहे, बस्स. पाच ओळी आभार लिहिले की माणूस काहीतरी लपवतोय असं वाटतं. आधी कारण लिही. मग कधीपर्यंत आहेस ते.

शरदिनी : बक्षीस समारंभ होईपर्यंत. लखनौला तसं कळवलंय. थांबतो म्हणालेत.

कालिंदीबाई : सासूबाईंना विचारलंस? काशी सोडायची म्हणजे त्यांच्या वयाला…

शरदिनी : त्याच आधी तयार झाल्या. म्हणाल्या, 'गंगा नाही तर गोमती. मणिकर्णिका घाट काय पळून जात नाही, वेळ आली की आण मला परत.'

कालिंदीबाई : बाई खरी! लिही तू. वकीलसाहेबांचा आवाज येतोय जिन्यात.

(शाळेच्या कमिटीचे सेक्रेटरी, वकील बिंदुमाधवपंत, छत्री टेकत आत येतात.)

बिंदुमाधवपंत : नमस्कार, बाई. समारंभाला कलेक्टरसाहेबांच्या मॅडम येणार हे नक्की झालं. स्वागतगीत एकदम फक्कड व्हायला हवं. काय शरदिनीबाई?

शरदिनी : होईल, वकीलसाहेब. त्याच्याआधी हा माझा राजीनामा. बाईंच्या हातात दिलाच असता, तुम्हीच आलात हे बरं झालं.

बिंदुमाधवपंत : राजीनामा? बघू… लखनौ… रेडिओ! अहो, रेडिओवर कोण गातं ठाऊक आहे का तुम्हाला? दालमंडीच्या कोठेवाल्या!

शरदिनी : ठाऊक आहे. फार चांगलं गातात त्या.

कालिंदीबाई : तुमच्याकडे सेट आहे ना, वकीलसाहेब?

बिंदुमाधवपंत : आहे. बातम्यांसाठी घेतलाय.

कालिंदीबाई : मग दालमंडीचं गाणं बातम्यांत लागलं का?

बिंदुमाधवपंत : बाई, थट्टेचा विषय नाही हा. आपली शाळा आपल्या मराठी मंडळींची. उद्या मुलींचे बाप मला घाटावर गाठतील. वास्तविक यावर सोपा तोडगा आहे. शरदिनीबाई, तुम्ही लिहा 'घरगुती अडचण'. मी असं प्रमाणपत्र देतो की लखनौवाले बघत राहतील. पण रेडिओचा उल्लेख राहिला, तर प्रमाणपत्राचं मला कमिटीला विचारावं लागेल. आणि कमिटी काय म्हणेल ते मी आत्ताच सांगू शकतो.

शरदिनी : प्रमाणपत्र त्यांनी मागितलंय. ते नसेल तर बहुतेक मला घेणार नाहीत.

बिंदुमाधवपंत : तेच म्हणतोय मी. तुमच्या फायद्याचं सांगतोय.

शरदिनी : वकीलसाहेब, मघापर्यंत या टेबलावर तसाच कागद होता. घरगुती अडचणीचाच. बाईंनी नको म्हटलं म्हणून मी बदलला, हे कबूल करते. पण आता तुम्ही तेच लिहायला सांगताय तर माझ्याच हाताला ते लिहवेना. तिथे कुणी विचारलं, 'कुठे शिकवत होता?' तर मला काशीच्या या शाळेचं नाव सांगायचंय. अडचण लिहून गेले तर ते नाव चोरून सांगावं लागेल. रागानं नाही म्हणत मी. प्रमाणपत्र द्यायचं की नाही, तुमचा अधिकार आहे.

बिंदुमाधवपंत : आणि नाही दिलं तर?

शरदिनी : तर वाईट वाटेल. खूप. पण कागद हाच राहील.

बिंदुमाधवपंत : हं… आणि स्वागतगीताचं काय? मागचे ते गायनमास्तर एक दिवस न सांगता गेले, शिवाय जाताना तबल्याची जोडी घेऊन गेले. सहा महिने वर्ग बंद होता आपला.

शरदिनी : समारंभापर्यंत मी इथेच आहे. स्वागतगीत बसलंय. आणि पुढच्यासाठी अन्नपूर्णाला तयार केलंय. आपलीच विद्यार्थिनी, पाठक गल्लीतली. हल्ली पेटीवर रोज तीच बसते, मी मागे उभी असते. काल मी मुद्दाम उशिरा गेले, तर मुलींचा अर्धा वर्ग होऊन गेला होता. माझ्याकडे एकीनंही वळून बघितलं नाही. सच सांगते, जरा टोचलं. पण म्हटलं, काम झालं.

बिंदुमाधवपंत : म्हणजे सगळी तयारी करून मग विचारताय मला.

शरदिनी : विचारत नाही, वकीलसाहेब. कळवते आहे. वेळेवर कळवावं म्हणून.

बिंदुमाधवपंत : बाई, ही भाषा तुमची.

कालिंदीबाई : माझी असती तर थोडी तिखट असती. ही तिचीच.

बिंदुमाधवपंत : कमिटीत ओरड होणार हे नक्की.

कालिंदीबाई : होऊ दे की. कागद मी वाचीन आणि ओरडही मीच ऐकीन. तुम्ही फक्त इतकंच सांगा, इतक्या नीटपणे या शाळेची नोकरी आजवर कुणी सोडलीय?

बिंदुमाधवपंत : …नाही बुवा. कुणीच नाही. बरं, द्या तो टाक. स्वीकारला म्हणून सही करतो. प्रमाणपत्रही देतो उद्या. पण त्यात 'संगीत' लिहीन हां, 'गाणं' नाही लिहिणार.

शरदिनी : जसं तुम्हाला योग्य वाटेल तसं. मनापासून आभार, वकीलसाहेब.

बिंदुमाधवपंत : आणि त्या अन्नपूर्णेला सांगा, मॅडमपुढे घाबरायचं नाही. येतो मी, कचेरीची वेळ झाली.

कालिंदीबाई : सांभाळून उतरा, खालची पायरी निसरडी आहे… गेले. आता तरी हस गं.

शरदिनी : बाई, बिलकुल वाटलं नव्हतं ते सही करतील.

कालिंदीबाई : मलाही नव्हतं वाटलं.

शरदिनी : काय? आणि तुम्ही तर एवढ्या ठाम बोलत होतात!

कालिंदीबाई : मुख्याध्यापिकेचा पगार त्याचाच असतो. बस, पाणी पी. एक सांगायचं होतं. पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार. ही खुर्ची तुला द्यायची असं माझ्या मनात होतं. दोन वर्षांपासून होतं.

शरदिनी : मला? बाई, मग कधी बोलला का नाहीत?

कालिंदीबाई : बोलले असते तर तू राहिली असतीस.