घरातल्या कुणाचाही अंगठा

फरीदा : माझ्या लेकीच्या डोक्याचा फैसला तुम्ही तिला एक सवाल न विचारता करून टाकला, सर. पाढा विचारला नाही, धडा विचारला नाही. बोटं बघितली आणि वर्ग बदलला!

सर : आवाज जरा खाली. शेजारी आठवीचा गणिताचा तास चालू आहे.

फरीदा : तेच म्हणायली मी. त्या तासाला माझी उझ्मा बसायची, दिवाळीपर्यंत. आता जिन्याखालच्या खोलीत पणत्या रंगवायली.

सर : त्याला 'कौशल्य गट' म्हणतात. आणि पणत्या हा फक्त एक उपक्रम आहे. बसा आधी. या मॅडम कोण? नातेवाईक?

वर्षाली : नाही. मी वर्षाली. आधी बालवाडीत शिकवायचे. आता रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आईबापांना घेऊन बसते. आपलं मूल कशानं शिकतं, कुठं अडतं, ते घरच्यांनी स्वतः कसं ओळखायचं, एवढंच तिथं चालतं. फरीदाभाभी येतात.

सर : म्हणजे क्लास घेता.

वर्षाली : क्लास कसला? बोर्ड नाही, पाटी नाही. चहासुद्धा ज्यानं त्यानं घरून आणायचा.

सर : मग मॅडम, आपण एकाच बाजूचे झालो की! प्रत्येक मुलाची ताकद वेगळी असते, हे चिखलीत सगळ्यात आधी या शाळेनं मानलं. म्हणून तर मुख्याध्यापक या नात्यानं मी ठसे घेणारी कंपनी बोलावली. दहाही बोटांचे ठसे, पूर्ण सायंटिफिक. एकेका मुलाचा कलर रिपोर्ट. कुणाची ताकद गणितात, कुणाची हातात. उझ्माची हातात निघाली. यात अपमान कसला?

फरीदा : हाताची ताकद निघाली म्हणून गणित काढून घेतलं. विज्ञानही काढलं. हात आहेत तिला म्हणून डोकं कापलं, असं झालं हे.

सर : तुम्ही भावनेच्या भरात बोलताय.

फरीदा : बरं, भावना ठेवते बाजूला. तो रिपोर्ट वाचा ना तुम्ही. मोठ्यानं. मला वाचायला वेळ लागतो.

सर : वाचतो की. 'तर्कशक्ती, कमी. आकृत्यांची समज, कमी. भाषा, कमी. चारचौघांत आपलं म्हणणं मांडण्याची क्षमता, अत्यल्प. हातकाम, उत्तम. शिफारस : सांगितलेलं, ठरावीक पद्धतीचं काम द्यावं.' बघा. मी माझ्या मनचं काही केलेलं नाही.

फरीदा : चारचौघांत काय म्हणालात?

सर : म्हणणं मांडण्याची क्षमता अत्यल्प.

फरीदा : आणि यावर तुमचा भरोसा आहे?

सर : अहो, ठसे जन्माआधीच तयार होतात. माणूस खोटं बोलेल, ठसे खोटं बोलत नाहीत.

फरीदा : पक्कं?

सर : पक्कं.

फरीदा : मग त्या कागदातली बोटं माझी आहेत.

सर : काय?

फरीदा : ही. दहाच्या दहा. नीट बघून घ्या.

सर : वर्षाली मॅडम, या काय बोलतायत?

वर्षाली : खरं तेच. मलाही गेल्या रविवारीच कळलं.

फरीदा : त्या आठवड्यात नणंदेचं लग्न होतं. उझ्माच्या बोटांना पेरापर्यंत गच्च मेंदी. तुमचा लॅपटॉपवाला पोरगा तिचं बोट दाबून दाबून थकला, मशीन घेईना. मागं ही लाईन. मी सोबत होते, लग्नाच्या कामात माझ्या हाताला मेंदी लागलीच नव्हती. आता आमच्याकडं रेशनला काय होतं, माहीत आहे? नौशाद, म्हणजे उझ्माचे अब्बा, भोसरीत गाड्यांचे सीटकव्हर शिवतात. दिवसभर हाताला ते चिकटवायचं सोल्युशन. त्यांचा अंगठा मशीनला कधीच उमटत नाही. दुकानदार म्हणतो, भाभी, कार्डावरच्या कुणाचाही चालतो, तुम्ही लावा. मी लावते, गहू मिळतात. मला वाटलं, इथंही तसंच असंल.

सर : अहो, रेशन आणि हे एक आहे का!

फरीदा : मला काय माहीत? मी त्या पोराला विचारलं, माझी चालतील का? म्हणाला, चालतंय मावशी, रक्त तेच.

सर : तो असं म्हणाला?

फरीदा : वर 'पटपट' पण म्हणाला. हसायचं तर हसा, सर. हॉलमध्ये सगळे हसले. मीही हसले. घरी गेले, भाकरी थापायला बसले आणि हसू गेलं. म्हटलं, म्हणजे हे सगळं माझ्याबद्दल लिहिलंय. तर्क कमी, भाषा कमी, सांगितलेलं काम द्यावं. परभणीला मला चौथीतून काढलं, तेव्हा आमचे मास्तर अब्बांना हेच म्हणाले होते. त्यांना तर मशीनपण लागलं नव्हतं. आणि मी इतकी वर्षं ते खरं मानून बसले.

सर : हे पाहा, झालं ते दुर्दैवी आहे. पण चूक तुमच्याकडून झाली, हे तर मान्य कराल?

फरीदा : मान्य. माझी चूक बोटं दिली ही. आता तुमची सांगा.

सर : माझी काय? मला आलेल्या रिपोर्टवर मी... बरं, वाद नको. सोपं आहे. कंपनीला परत बोलावतो. उझ्माचे ठसे तिच्याच बोटांनी घेऊ. नवा रिपोर्ट येईल तसं करू.

फरीदा : नको.

सर : का? कदाचित गणित उत्तम निघेल!

फरीदा : निघंल की. म्हणूनच नको. माझ्या बोटांवरून माझी मुलगी ढ ठरली, तेव्हा तुम्हाला काही खटकलं नाही. उद्या कुणाच्याही बोटांवरून ती हुशार ठरंल, तेव्हाही खटकणार नाही. मशीन तेच, तुम्ही तेच.

वर्षाली : सर, मी एक विचारू? रागावू नका. दिवाळीनंतर गटातल्या एखाद्या बाईंनी उझ्माबद्दल तुम्हाला काही सांगितलं? ती कशात रमते, कशाला कंटाळते, अडली की काय करते?

सर : तक्रार नाही एवढं सांगितलं. शांत आहे म्हणाल्या.

वर्षाली : शांत मुलाचं सगळीकडं असंच होतं. आम्ही हॉलमध्ये पहिलं काम हेच देतो. काही शिकवू नका, ओरडू नका, फक्त बघा. कुणी सांगितलेलं नसताना मूल काय करत बसतं? अडलं तर कुणाला विचारतं, की पुन्हा करून बघतं? ऐकून लक्षात ठेवतं, की हाताळून? फरीदाभाभींना पहिल्यांदा जमलंच नाही. येऊन म्हणाल्या, ताई, ती काहीच करत नाही, नुसती अब्बांच्या कातरणात खेळते.

फरीदा : म्हणाले होते. मी तर रागवायचे. बापाच्या मालाला हात लावू नको, शाळेचं पुस्तक घे.

वर्षाली : मी म्हटलं, खेळते म्हणजे नेमकं काय करते, ते बघून या.

फरीदा : मग बघितलं. सर, सीटकव्हरच्या बाजूची पट्टी तिरकी असते, एका टोकाला रुंद, दुसऱ्याला निमुळती. कापायचं काम नौशाद घरीच करतात. रेक्झिनवर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवतात, एकाशेजारी एक, आणि कापत जातात. मध्ये तिरक्या फटी राहतात, त्या फेकायच्या. उझ्मा त्या दिवशी खाली बसून एक फर्मा सरळ, एक उलटा, असं लावायली होती. तिरकी बाजू तिरक्या बाजूला चिकटली, फट गेली. तेवढ्याच रेक्झिनमध्ये एका सीटची पट्टी जास्त. नौशाद माझ्याकडं बघायले, मी त्यांच्याकडं. हे म्हणाले, मी पोरगा असल्यापासून हे काम करतो, मला कुणी असं सांगितलं नाही. ती म्हणाली, अब्बा, मी सांगणारच होते, पण तुम्ही 'हात लावू नको' म्हणालात.

सर : हे चांगलंच आहे. पण हेच तर रिपोर्ट म्हणतो, हातकाम उत्तम.

वर्षाली : हे हातकाम नाही, सर. ही भूमिती आहे. फर्मा उलटा केल्यावर कसा बसेल, हे तिनं आधी डोक्यात बघितलं, मग हात हलवला.

सर : परीक्षेत रेक्झिन देता येत नाही, मॅडम. तिथं सूत्र लिहावं लागतं. दिवाळीआधीच्या घटक चाचणीत समांतरभुज चौकोनाच्या क्षेत्रफळाचा पूर्ण प्रश्न तिनं कोरा सोडलाय. तो काही मशीननं सोडला नाही.

वर्षाली : बरोबर. कोरा सोडला. वाचनातही ती मागं आहे, मी खोटं कशाला सांगू? लांबलचक प्रश्न असला की तिसऱ्या ओळीत हरवते. म्हणून तर तिला तो तास जास्त हवा. तुम्ही तोच बंद केलात.

फरीदा : हे बघा, सर.

(फरीदा पिशवीतून काळ्या रेक्झिनचा तुकडा काढून टेबलावर पसरते.)

सर : हे काय?

फरीदा : तुमचा कोरा सोडलेला प्रश्न. हा होता तिरका चौकोन. ताईंनी आम्हाला सांगितलं होतं, तिला आधी बोलायला लावू नका, आधी करू द्या. नौशादनी तुकडा दिला, म्हणाले, बेटा, यात माल किती हे मोजायचंय. तिनं हा कोपरा सरळ कापला, इकडून उचलला, त्या बाजूला चिकटवला. बघा, शिलाई पण मारलीय. तिरक्याचा आयत झाला. मग बापानं विचारलं, आता सांग काय केलंस. सांगितलं. मग म्हणाले, आता लिही. पाया गुणिले उंची. तिनं लिहिलं, सर. स्पेलिंग-बिलिंगची चूक नाही, मराठीत, नीट.

वर्षाली : आता घरात हीच रीत पडलीय. आधी काप, मग सांग, मग लिही. वाचायचा उतारा असला तर फरीदाभाभी मोठ्यानं वाचायला बसतात आणि ती दुरुस्त करते.

फरीदा : मी अडखळते, ती हसते. माझं वाचन सुधारलं त्यात!

सर : शिलाई छान आहे.

फरीदा : सर!

सर : नाही, म्हणजे... आलं माझ्या लक्षात. हे वर्गात दाखवता येईल. आमच्या गणिताच्या बाईंनाही... ठीक आहे. मी कोत्या मनाचा माणूस नाही. उझ्मा सोमवारपासून आठवी 'अ'मध्ये बसेल. गणित, विज्ञान, सगळं. बुडलेला भाग बाई मधल्या सुट्टीत भरून काढतील, मी स्वतः सांगतो. झालं समाधान?

फरीदा : झालं. अल्ला तुमचं भलं करो.

सर : फक्त एक. हे ठशांचं प्रकरण या खोलीबाहेर नको. पालकांत उगाच गोंधळ होतो. रेशनचा अंगठा वगैरे, लोक चवीनं सांगतात. तुमची मुलगी वर्गात, विषय संपला.

फरीदा : आणि बाकीची पोरं?

सर : त्यांचे ठसे त्यांचेच आहेत. तिथं काही चूक नाही.

फरीदा : ताई, तुम्ही बोला ना.

वर्षाली : मी नाही बोलणार, भाभी. मुलगी तुमची आहे. तुम्ही आत्ता 'बरं' म्हणून उठलात, तरी मी तुम्हाला एका शब्दानं काही म्हणणार नाही.

फरीदा : सर, माझी बोटं लावली तेव्हा त्या कागदानं ओळखलं का, की ही पोरगी नाही, बाई आहे म्हणून? चाळिशीला आलेली, दोन लेकरांची आई?

सर : तो मुद्दा वेगळा आहे.

फरीदा : तोच मुद्दा आहे. माझ्या ठशांचं जे लिहिलं ते मी इथं बसून खोटं पाडलं. चारचौघांत बोलता येत नाही म्हणे! किती वेळ झाला बोलायली मी? माझं खोटं निघालं, कारण मी भांडायला आले. तिच्या गटातल्या अरबाजचं कोण खोटं पाडणार? त्याचे अब्बा ट्रकवर, महिना महिना घरी नसतात. कुलदीपचं घर आत्ताच बीडहून आलंय, त्यांना शाळेच्या गेटची भीती वाटते. आणि दिव्या? ती तर उझ्मापेक्षा मोठमोठी गणितं तोंडी करते. लिहायला सांगितलं की रडते. तिला कुणी बघितलं?

सर : तुम्ही तुमच्या मुलीचं बघा ना, बाई. मी देतोय ते घ्या. सगळ्या गावाचं ओझं डोक्यावर घेऊन हातातलं घालवू नका.

फरीदा : घालवत नाही. उझ्मा सोमवारी 'अ'मध्ये बसणार. तुम्ही तोंडानं बोललात, वर्षालीताईंनी ऐकलं. ते आता परत घेणार असाल, तर का घेताय ते मला सांगायला लागंल. 'आईनं तोंड बंद ठेवलं नाही' असं लिहून द्याल?

सर : मी परत घेतो असं म्हटलेलं नाही.

फरीदा : मग झालं. आणि गप्प बसण्याचं म्हणाल तर ते मला जमायचं नाही. जमत होतं आधी, लई वर्षं. आता सवय गेली.

सर : मग तुम्हाला हवंय तरी काय?

फरीदा : काही महाग नाही. गटातल्या एकेका पोराला समोर बसवा. काहीतरी हातात द्या, काहीतरी वाचायला द्या, काहीतरी विचारा. आणि बघा. ताई शिकवतील कसं बघायचं. आम्ही बाया येऊ, नौशाद दुकान बंद ठेवून येतील. तोवर सगळी पोरं आपापल्या वर्गात.

सर : असं लगेच नाही होत. संस्थेला विचारावं लागतं. मीटिंग असते, प्रोसेस असते.

वर्षाली : वर्गातून काढताना विचारलं होतं संस्थेला?

सर : मॅडम, प्लीज.

फरीदा : सर, दिव्याची आई, शालनबाई, बाहेर बाकावर बसलीय. चाकणच्या कंपनीत असती ती, पहिली शिफ्ट करून घरी न जाता सरळ इकडं आली. कंपनीच्या गणवेशातच आहे. आत यायला लाजत होती. म्हणाली, तू विचार, माझ्या पोरीचं पण विचार. मी विचारलं. आता तिला आत बोलवू, की तुम्ही बाहेर येऊन सांगताय?