मनकर्णाबाईचं पूर्ण नाव

…आन् वर मलाच म्हणतेत, काका, तुमचा काय संबंध? तुमाला सांगतो, बत्तीस वर्षं यष्टीत कंडक्टरकी केली. कुणी चुकीच्या गाडीत चढलं तर हाताला धरून उतरवलं आन् बरोबर गाडीत बसवलं, तवा न्हाई कुणी संबंध इचारला. आता रिटायर झालो, बायको घरात बसू दिना, म्हणलं गावातल्या लोकांचे मतदार नोंदणीचे फारम भरून देऊ, फुकट, स्वयंसेवक म्हणून… तर ह्या तहसीलवाल्यांच्या पोटात दुखायला लागलं. मला राग न्हाई, बरं का. राग कशाचा?

आमच्याकडं आष्टी तालुक्यात दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातंय, भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं समदं ट्रॅक्टरवर घालून, ते येतंय पार उन्हाळ्यात. दारांना कुलपं. आन् मतदार यादीची पडताळणी कवा निघती? बरोबर तवाच. आमच्या शाळेतले प्रविण गुरुजी, हे यादीचं काम त्यांच्या गळ्यात, ते बिचारे कुलूप बघतेत आन् वरून हुकूम हाय तसं लिहितेत, ‘कायमचे स्थलांतरित’. अवो, कायमचं जाणारा माणूस कुलूप कशाला लावंल? कुलूप लावलंय म्हंजेच माघारी येणार हाय की!

असंच मनकर्णाबाईचं नाव उडालं. दोन सालामागं नवरा वारला तिचा. मी स्टँडच्या शेडात फारम भरत बसायचो, तिथं आली. म्हणली, “कंडक्टर भाऊ, ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतेत. मालक गेलं, आता मुकादमाच्या वहीत मी अर्धा कोयता. यष्टीत बसले तर बाई म्हणून अर्धं तिकीट. मतदानाला तरी एका बाईचं एक मत असतंय, का तिथंबी अर्धं?”

म्हणलं, “न्हाई बाई, तिथं पूर्ण.”

“मंग घाला माझं नाव.”

घातलं. तिच्यासकट एक्केचाळीस फारम भरले, गठ्ठा बांधून तहसीलला गेलतो. आधीचे साहेब घ्यायचे गठ्ठा, चहाबी पाजायचे. आता नवीन साहेब. पोरगं चांगलं हाय, बोलणं लई गोड. “हे बघा काका, तुमच्या भावनांचा मी आदर करतो, पण पारदर्शकता महत्त्वाची. स्वयंसेवकानं आणलेल्या प्रत्येक अर्जावर सुनावणी होईल, अर्जदारानं मूळ कागदपत्रं घेऊन स्वतः हजर राहायचं.” म्हणलं, तारीख? म्हणले, डिसेंबर. म्हणलं, साहेब, डिसेंबरात माणसं उसात असतेत. म्हणले, “मग त्यांनी तिथून यावं.” यावं! जसं काय शेजारच्या आळीतून यायचंय… मला राग न्हाई, बरं का.

चाळीस जण न्हाई आले. कुठून येतेल? मनकर्णाबाई आली. कोल्हापूरकडनं, दोन गाड्या बदलून, मुकादमाच्या पाया पडून एका दिवसाची सुट्टी काढून. उसाच्या पाचटानं हात चिरलेले, धुतलेलं लुगडं, कागदं पिशवीत. सकाळी दहाला बाकड्यावर बसली. शिपाई म्हणला, “साहेब व्हीसीत आहेत.” व्हीसी म्हंजे टीव्हीपुढं बसून मोठ्या साहेबाला ‘हो सर, हो सर’ म्हणायचं. बारा वाजले, हो सर. तीन वाजले, हो सर. बाई पाण्यालाबी उठंना. म्हणली, “उठले आन् नाव पुकारलं तर?” साडेपाचला क्लार्क सुकन्या मॅडम बाहेर आल्या, “आज नाही होणार, परवा या.” मी इचारलं, मॅडम, एवढी व्हीसी कशावर चाललीती? म्हणल्या, “ऊसतोड मजुरांची मतदार नोंदणी का वाढत नाही, त्यावर.”

मला हसावं का रडावं कळंना. मनकर्णाबाई एवढंच म्हणली, “परवा न्हाई जमायचं भाऊ. उद्या फडात दिसले न्हाई तर माझ्या जागी दुसरी धरतेल.” स्टँडवर नेली, कंडक्टरच्या मागल्या शिटावर बसवली, कंडक्टरला म्हणलं, बाबा, नगरला हिला बरोबर गाडीत बसव. खिडकीतून हात हलवत व्हती. लई वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

त्या परवाच्या तारखेला तिचं नाव पुकारलं, तवा मी हात वर केला. साहेब म्हणले, “काका, तुमचा काय संबंध?”

गुढीपाडवा झाल्यावर बाई माघारी आली. तिच्या दारावर, कुलपाच्या वर, कागद चिकटवलेला. तिनं पाण्याचं बोट लावून लावून अल्लाद काढला, कोपराबी फाटू दिला न्हाई, आन् तशीच माझ्याकडं. वाचता येत न्हाई तिला. “भाऊ, ह्यात माझं नाव हाय ना?”

बघितलं. मनकर्णा उत्तरेश्वर, पुढं आडनाव, सरकारी छापील अक्षरात. खाली, ‘सुनावणीस गैरहजर, अर्ज नामंजूर’.

मी म्हणलं, “हाय की बाई. पूर्ण नाव हाय.”

तिनं तो कागद आष्टीला नेऊन प्लॅस्टिकमधी पक्का करून आणला. नवऱ्याच्या फोटूशेजारी ठिवलाय. रोज इचारती, “भाऊ, मतदान कवा हाय?” मी खरं न सांगता दुसरा फारम भरला. म्हणली, पुन्यांदा अंगठा कशाला? म्हणलं, अजून पक्कं व्हावं म्हणून. सुनावणीची तारीखबी आली… डिसेंबर.

मला राग न्हाई, बरं का. फकस्त मतदानाच्या दिवशी ती तो कागद घेऊन रांगंत उभी ऱ्हाईल, तवा मला गावात ऱ्हायचं न्हाई. पहिल्या गाडीनं निघणार, घराला कुलूप लावून. येऊ द्या प्रविण गुरुजींना, बघू द्या कुलूप, लिहू द्या… कायमचा स्थलांतरित.