टोकाजवळ बसलेली थप्पड

…आणि वर आमची ही मलाच विचारते, "बाईंचा हात फार दुखला का हो?" गाल सुजला माझा, आणि चौकशी हाताची! लाज वाटते, तरी सांगतो… ती कयाक नाही का, शेंगेसारखी लांबट होडी, पाय पसरून बसायचं आणि वल्हं मारायचं? ती घेऊन पर्यटकांना समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या टोकाला वळसा घालून आणणाऱ्या एक बाई आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध बातमी दिली होती मी! पहिल्या पानावर! 'पर्यटकाला भर समुद्रात मारहाण!' पाहिलं होतं का मी? छे! फोनवर ऐकलं, टेबलावर लिहिलं. एकतीस वर्षं बातमीदारी केलेला माणूस, आणि बाईंना एक फोन करायचा कंटाळा! झालं… परवाना रद्द करायची नोटीस, सोमवारी सुनावणी.

म्हटलं, शनिवारी पुरावाच गोळा करतो. दोघांच्या होडीत ही पुढे, मी मागे, ओळख लपवून. बाई काठावर बजावतायत, "उलटलात तर आपली होडी सोडायची नाही, माझ्या होडीवर चढायचं नाही, आणि उभं तर मुळीच राहायचं नाही!" ही कान देऊन ऐकत होती. आणि मी? बाईंचा उद्धट स्वर वहीत टिपत होतो! लाज वाटते, तरी सांगतो…

टोकाशी पोचलो आणि समुद्राचा नूरच पालटला हो! इकडून लाट, खडकावर आपटून तिकडून लाट! बाई ओरडल्या, "काका, वल्हं मारा, वल्हं!" काका? मला? म्हटलं, हाच तो पुरावा! काढला फोन, राहिलो उभा… आणि धप्पकन दोघंही पाण्यात! ही होडी धरून शांत, जशी काही बसची वाट बघतेय. आणि मी बाईंच्या होडीवर चढतोय, ती कलंडतेय, खडक दहा हातांवर, आणि तुम्हाला सांगतो, तशातही मी भांडतोय! "आधी… गुळुक्… माफी मागा! मी कोण… गुळुक्… ठाऊक आहे?"

सण्णकन बसली! डोकं जाग्यावर, तोंड बंद, हात सुटले. "आता ही दोरी धरा," एवढंच म्हणाल्या आणि ओढून काढलं आम्हाला. काठावर चाचरत ओळख सांगितली, तर म्हणतात, "ठाऊक होतं. बातमीसोबत फोटो होता ना तुमचा." म्हणजे ओळखूनही नेलं होतं, वाचवलं होतं! लाज वाटते हो…

सोमवारी सुनावणीत साहेबांनी विचारलं, "त्या पर्यटकाला मारलंत?" बाई म्हणाल्या, "हो. पुन्हा कोणी मला बुडवायला लागला तर पुन्हा मारीन." मी उठलो, गाल पुढे केला, म्हटलं, साहेब, कोणी मारलं ते लिहिलं, का मारलं ते विचारलंच नाही. बातमी चूक, थप्पड बरोबर! परवाना वाचला. खुलासाही छापला, संपादकांशी भांडून, पहिल्या पानावर. पण साहेबांनी अट घातली, यापुढे पर्यटकांची थपडेला आधी लेखी संमती घ्या. मसुदा कोण लिहिणार? सगळे वळून माझ्याकडे! लिहिला बाबा, तीन दिवस घासून, बाईंना दहादा विचारून, एकेक शब्द पारखून… काल मुद्दाम काठावर जाऊन पाहिलं. कोणी वाचत नाही हो! नुसती सही ठोकतात आणि होडीत बसतात!